ताटीवरचं पाणी

रुपराव : अन् त्या घराच्या सौद्यातून गोपाळराव हटला मागे! आपल्याहून सहा हजार जास्त बोलला होता, तरी हटला. आता बोल, तुझा नवरा हुशार आहे का नाही?

कौसल्या : हळू चाला जी, माझ्या चपलेचा पट्टा निघाला. अन् हटला काहून, ते सांगा आधी.

रुपराव : मन बदललं असंन त्याचं.

कौसल्या : त्याचं? लाकडाच्या टालीचा मालक तो. त्या दिवशी अंजनामावशीच्या दारात उभा राहून म्हणे, कोणी कितीही बोलो, त्याच्यावर हजार माझे. मी तिथंच उभी होती. माझ्या तोंडाकडं पाहून हसला मेला. असा माणूस मन बदलते?

रुपराव : तुले आंबे खायचे का झाडं मोजायची? घर आपलं झालं. मावशीनं इसार घेतला आपल्या हातून. आज जाऊ, रजिस्ट्रीची तारीख पक्की करू, चहा पिऊ, वापस.

कौसल्या : तुम्ही नजर काहून चुकवून राहिले?

रुपराव : ऊन पाहाय किती आहे. डोळे उघडत नाही.

कौसल्या : रुपराव धोंडबाजी, सात वर्षं संसार केला तुमच्यासंगं. सांगा.

रुपराव : अवं, पैशानं तर आपण हरलोच होतो ना! तुझा गोफ मोडला, मी फंडातून उचलले, तुझ्या भावासमोर तोंड वेंगाडलं, तवा कुठं बावीस हजार जमले. त्याच्यावर तो टालवाला अठ्ठावीस बोलते, जसा काही भाजी घेऊन राहिला. मंग गरीब माणसानं काही तरकीब करावी का नाही?

कौसल्या : काय तरकीब?

रुपराव : काही नाही. पानठेल्यावर एक गोष्ट बोललो. बस.

कौसल्या : कोणत्या पानठेल्यावर?

रुपराव : त्याच्या टालीसमोर आहे तो. त्याची सगळी माणसं तिथंच पान खातात. मी आपलं सहज म्हटलं, लालगंजच्या त्या घरात भर दुपारी सगळे झोपले असले, तरी मागच्या खिडकीच्या वाळ्याच्या ताटीवर पाणी पडते. आपोआप. सगळ्या घरात गार वास सुटते. अन् कधीकधी एक लहान पोट्टी दिसते, हातात लोटा घेऊन.

कौसल्या : कोण पोट्टी?

रुपराव : मावशीची पोट्टी वारली ना त्या घरात. लय वर्षं झाली. तिच्या शेजारच्यानं सांगतलं होतं मले. अन् ताटी तर आपण दोघांनी पाह्यली, सुकून खडंग झालेली, तशीच लटकून आहे खिडकीले. मी हे अन् ते जोडलं अन् सोडून देलं. आठ दिवसांत हवा झाली! टालवाल्याची बायको म्हणते, त्या घरात गेले तर मी माहेरी चालली.

कौसल्या : मेलेल्या लेकराच्या नावानं?

रुपराव : अवं...

कौसल्या : मेलेल्या लेकराच्या नावानं बोली लावली तुम्ही? जीभ कशी नाही झडली?

रुपराव : कोणाचं काय गेलं त्याच्यात? ती पोट्टी थोडी ऐकाले येते!

कौसल्या : आपलंही एक गेलं आहे. इसरले काय?

रुपराव : इसरीन कसा? हे कोणासाठी करून राहिलो मी? तूच म्हणे ना, या खोलीत मी मरून जाईन, मले काढा इथून. तूच म्हणे ना, त्या कोपऱ्यात आपला बंडू खोकलते.

कौसल्या : खोकलते. आज सकाळी खोकलला. चुलीवर दूध होतं, ते टाकून मी कोपऱ्यापाशी जाऊन बसली. दूध उतू गेलं.

रुपराव : मंग? राहायचं का तिथंच?

कौसल्या : नाही राहायचं.

रुपराव : मंग!

कौसल्या : मले ते घर पाहिजे, मी खोटं काहून बोलू? पाह्यलं तवापासून मनातल्या मनात मी तिथं भांडे मांडून राहिली. पितळी डबे वरच्या फळीवर, माठ खिडकीपाशी. पण असं नव्हतं पाहिजे जी.

रुपराव : झालं ते झालं. आता तिथं गेल्यावर तोंड वाकडं करून बसू नको. मावशी हुशार आहे, लगेच वळखते.

कौसल्या : तिच्या कानावर गेलं असंन का हे?

रुपराव : म्हातारी घराबाहेर निघतच नाही. कोण सांगन तिले? चाल, ते पाहाय घर आलं.

(लालगंज. अंजनाबाईंचं घर. बाहेर वैशाखाचं ऊन, आत मात्र अंधार आणि गारवा. कौसल्याचा पाय उंबऱ्यातच अडला. सगळ्या घरात ओल्या वाळ्याचा वास भरला होता. नवऱ्याचा हात तिनं घट्ट धरला.)

अंजनाबाई : ये वं बाई, उंबऱ्यात नको उभी राहू. या रुपराव. उन्हाचे आले, आधी माठातलं पाणी घ्या.

कौसल्या : मावशी, हा वास...

अंजनाबाई : वाळ्याचा आहे. नवी ताटी आणवली इतवारी बाजारातून. जुनी तर काडी-काडी झाली होती. इतके वर्षं तिले कोणी हातच नाही लावला. आता पाहा कशी गार हवा येते. सकाळपासून दोनदा पाणी मारलं मी.

रुपराव : हुश्श! तुम्ही मारलं होय. पण कायले खर्च केला मावशी? तुम्ही तर आता पोराकडं, रविंद्रभाऊच्या क्वार्टरात चालल्या, खापरखेड्याले. तिथं पावरहाउसवाल्याइले पंखे भेटतात.

अंजनाबाई : तेच सांगाले बोलावलं तुम्हाले. मी नाही जात.

रुपराव : आज नाही, उद्या जाजा. रजिस्ट्री झाल्यावरही महिनाभर राहा, आमची काही घाई नाही.

अंजनाबाई : तसं नाही बापा. घरच नाही विकत मी.

रुपराव : नाही विकत? असं कसं मावशी! इसार घेतला ना तुम्ही! कोणी जास्त बोललं का? कोण बोललं? मी पाहतो ना, आणखी हजार करतो. सायकल विकतो, काहीही करतो. तुम्ही आकडा तर सांगा.

अंजनाबाई : कोणीच नाही बोललं गा. कोणी पायरी चढून नाही राहिलं. तुमचा इसार घेतल्यावर तो टालवाला आला होता, दारातूनच बोलला, आत नाही आला. म्हणे, बाई, तुमच्या घरात तुमची पोरगी आहे, मले नाही पाहिजे हे घर. मी म्हटलं, कोण, आमची देवकी? तर म्हणे, नाव माहीत नाही, पण दुपारी ताटीवर पाणी मारते. मी इथं, या खांबापाशी मटकन बसली.

रुपराव : लोक काहीही बोलतात मावशी. कान नाही देऊ.

अंजनाबाई : काहीही बोलले असते तर मीही कान नसता दिला. पण हे लोकाले कसं माहीत? ताटीवर पाणी मारणं, ते तिचंच काम होतं. मी दुपारी लवंडली का ती हळूच उठे. विहिरीपासून लोटा-लोटा पाणी आणून मारे. मी म्हणो, ऊन आहे वं, नको जाऊ. तर म्हणे, माय, तुले गार हवेनं चांगली झोप लागते. मंग तिलेच ऊन लागलं. नऊ वर्षांची होती. हे मी कधी कोणाजवळ बोलली नाही. रविंद्रलेही माहीत नाही, तो त्या उन्हाळ्यात खाप्याले मामाकडं होता. मंग पानठेल्यावरच्या माणसाले कोण सांगन? सांगा ना. काय झालं रुपराव, ठसका लागला का?

रुपराव : नाही... पाणी जरा घशात... मावशी, खरंच तिचंच काम होतं ते?

अंजनाबाई : तिचंच. म्हणून तर सांगून राहिली.

रुपराव : मी तर... आपलं, खिडकीले जुनी ताटी दिसत होती. कोणाच्याही मनात येईन तसं...

अंजनाबाई : कोणाच्या नाही येत. मी किती वर्षं तोंड बंद करून राहिली या घरात. वाटे, गेली म्हणजे गेली, संपलं. म्हणून तर विकाले काढलं. अन् ती इथंच! मी झोपेत असतानी येते, म्हणून मले दिसत नाही. आता मी खापरखेड्याले गेली अन् दुपारी ती आली, तर कोणाच्या खाटेपाशी जाईन? तुम्ही चांगले माणसं आहा, मी नाही म्हणत नाही. पण तुम्ही तिचे कोण?

रुपराव : मावशी, ऐका. एक सांगतो, रागावू नका. ते सगळं जे आहे ना...

कौसल्या : थांबा जी.

रुपराव : काहून थांबू? खरं आहे ते सांगू दे. खरं बोलणं पाप आहे का?

कौसल्या : तुम्हाले आजच बरं खरं सुचलं?

रुपराव : घर चाललं वं हातचं! अन् मावशीचंही भलंच आहे त्याच्यात. एकट्या इथं बसून काय करन त्या? पोराजवळ जातील, नातवंडांत राहतील.

कौसल्या : काय घेऊन जाईन मावशी पोराजवळ? तेवढं सांगा मले.

रुपराव : अन् तू? तू जाशीन त्या खोलीत वापस?

कौसल्या : जाईन.

रुपराव : अन् तो खोकला?

कौसल्या : ऐकीन.

अंजनाबाई : काय बोलून राहिले वं तुम्ही नवरा-बायको? मले समजन असं बोला. काय खरं सांगाचं आहे रुपरावले?

कौसल्या : मावशी, हे सांगून राहिले का ती गोष्ट पानठेल्यावर यांनीच सांगतली. दुसऱ्या कोणी नाही.

अंजनाबाई : रुपरावनं?

कौसल्या : हो. कारण पाह्यलं मी होतं. मी एकटीही आली होती ना एकदा घर पाहाले, त्या दुपारी.

अंजनाबाई : हो हो, आली होती. माझं डोकं दुखत होतं. मी पडल्या-पडल्याच म्हटलं, फिरून पाहून घे सगळं.

कौसल्या : तवा मागच्या आंगणात गेली मी. विहिरीपाशी एक पोट्टी उभी होती. मले वाटलं, शेजारची असंन. मंग ती लोटा घेऊन खिडकीपाशी गेली. घरी जाऊन यांले सांगतलं, अन् यांच्या पोटात तर काही राहात नाही.

रुपराव : कौसल्या...

कौसल्या : खोटं आहे का जी? खोटं असंन तर सांगा मावशीले.

अंजनाबाई : सांगा रुपराव. बाईच्या जातीले भास होतात, मलेही होतात. तुम्ही पुरुषमाणूस, हिशोबी. तुम्ही म्हणा तर मी मानते.

रुपराव : आता मी काय म्हणू मावशी, ही तर...

अंजनाबाई : बोला ना बापा. जीव टांगून नका ठेवू माझा.

रुपराव : हो मावशी. घरी आली तवा लटलट कापून राहिली होती ही. मी म्हटलं, ऊन लागलं असंन, कांदा हुंग. तर म्हणे, नाही, मी पाह्यली. तवा... तवा मले मानावंच लागलं.

अंजनाबाई : माय वं माय! माझी देवकी! कशी होती वं? केस बांधले होते का?

कौसल्या : मोकळे होते. पाठमोरी होती, तोंड नाही दिसलं नीट.

अंजनाबाई : मोकळेच राहात दुपारी. संध्याकाळी मी वेणी घालून देओ. काही बोलली का तुझ्यासंगं?

कौसल्या : नाही मावशी. माझ्याकडं पाह्यलंच नाही तिनं. कामात होती.

अंजनाबाई : तशीच होती ती. काम धरलं का मान वर नाही करे. भेली का वं तू तिले पाहून? भेऊ नको, गरीब होती बिचारी. रडू नको ना, पोरी. मी नाही रडून राहिली, तू काहून रडतं?

कौसल्या : नाही रडत.

अंजनाबाई : हा घ्या तुमचा इसार, रुपराव. तशाच पुडीत आहे, मी सोडलीही नाही. शब्द मोडला मी, मले माफ करा. रविंद्र ओरडन माझ्यावर, ओरडू दे. तुम्हाले दुसरं घर भेटन, याच्याहून चांगलं भेटन पाहा.

रुपराव : भेटन मावशी. तुम्ही मनाले लावून नका घेऊ. चाल कौसल्या.

अंजनाबाई : जरा थांब वं बाई. एक विचारू? कोणाले विचारीन दुसऱ्या, तूच पाह्यली आहे. आज असती तर तुझ्याएवढी असती देवकी, कडेवर लेकरू असतं. मोठी झाली आहे का वं ती? का तेवढीच आहे?

कौसल्या : तेवढीच आहे मावशी. ते मोठे नाही होत.

अंजनाबाई : बरं झालं. मले तेच भेव होतं, मोठी झाली असंन तर समोर येऊनही मले वळखू नाही यायची.