रेडिओवरचा नवरा

आश्रुबा : आन् रडायचं कोण? तुमी?

बन्सीधर : रडायचं म्हणजे, आश्रुबाभाऊ, कागदावर एक हुंदका आहे. मालिकेचा शेवटचा भाग. सगुणा वारली आणि माझा धोंडिबा घरात एकटा. पंधरा मिनिटं. सोमवारी रेकॉर्डिंग, गुरुवारी संध्याकाळी प्रसारण.

आश्रुबा : सगुणा कुठं वारली? वारली माझी नर्मदा. महिना झाला परवाच्याला. सगुणा कागदावरची बाई, तिला काय धाड भरली मरायला.

बन्सीधर : नर्मदाबाईंचा आवाज गेला म्हणजे सगुणा गेलीच. आकाशवाणी केंद्रावरच्या मॅडम म्हणत होत्या, दुसरी बाई घेऊ, मालिका चालू ठेवू. मीच नको म्हणालो.

आश्रुबा : तुमी कोण नको म्हणणारे?

रोहिणी : मामा, मास्तर परभणीहून उन्हाचे आलेत. आधी पाणी तर पिऊ द्या. घ्या मास्तर.

बन्सीधर : तू रोहिणी ना? धाकटी सून. बाई सांगायच्या तुझं. तुला भाकरी गोल येत नाही म्हणायच्या.

रोहिणी : आता येती.

आश्रुबा : बघ. आपल्या घरातली भाकरी बी ह्यांच्या कानावर. सतरा वर्षं, दर सोमवारी, झरीहून परभणी. मी फटफटीवर यष्टीपर्यंत सोडायचो. आन् घरी आल्यावर काय झालं इचारलं की म्हणायची, रेकॉर्डिंग झालं. एवढंच.

बन्सीधर : पण तुम्ही कार्यक्रम ऐकत असालच की.

आश्रुबा : न्हाई. एकदा बी न्हाई.

रोहिणी : गुरुवारी सात वाजले की मामा उठून बैलाकडं. बैल इकून चार साल झाले, तरी मामा गोठ्यातच.

आश्रुबा : तुला कोण इचारलं? काय ऐकायचं होतं मी? माझ्या बायकोनं दुसऱ्याला अहो म्हणलेलं? साऱ्या जिल्ह्यानं ऐकलं, तेवढं लय झालं. तेराव्याला माझ्या दारात साठ माणूस आला, मास्तर. तुमच्या दारात किती आला, ते सांगा.

बन्सीधर : तुम्हाला कुणी सांगितलं?

आश्रुबा : आला का न्हाई?

बन्सीधर : बाईंची बातमी ऐकून आले आठ-दहा. सोनपेठहून एक बाई आल्या, डब्यात पिठलं-भाकरी घेऊन. सुतकाच्या घरात चूल पेटली नसेल म्हणून. दार आमच्या मंडळीनं उघडलं. त्या बाईंनी तिलाच विचारलं, तुमी कोण, धोंडिबाच्या भैन का?

रोहिणी : मग? मास्तरीणबाई काय म्हणल्या?

बन्सीधर : म्हणाली, मी बायको, आणि मी जिवंत आहे. डबा मात्र ठेवून घेतला.

आश्रुबा : हसू नको, रोहिणी. सुतक माझ्या घरी आन् भाकरी ह्यांच्या घरी.

बन्सीधर : मी त्यांना सांगितलं, आश्रुबाभाऊ. झरीचे आश्रुबा म्हणून आहेत, माणूस त्यांचं गेलंय. तर म्हणाल्या, असतील, पर धोंडिबाला आता कोण हाय?

आश्रुबा : झालं तर मग. गुरुवारी तुमी हुंदका दिला की ऱ्हायलेले बी तुमच्याकडंच जाणार. न्हाई मास्तर. तिच्या नावानं तुमी रडायचं न्हाई. मी हाय ना अजून.

बन्सीधर : तुम्ही नाही म्हणालात तर होणार नाही. तेच विचारायला आलो. मालिका आहे तिथं थांबेल. गेल्या भागात सगुणा माहेरी गेलीय, तिथंच राहील.

आश्रुबा : ऱ्हाऊ दे की. माहेरी ऱ्हाइली तर काय बिघडतंय.

रोहिणी : लोक वाट बघतील मामा, कवा येती म्हणून.

आश्रुबा : मास्तर, एक इचारू? खरं सांगाल?

बन्सीधर : विचारा.

आश्रुबा : रेकॉर्डिंगला तुमच्या दोघांत किती अंतर असायचं?

बन्सीधर : एक माईक मध्ये. त्याच्या इकडं मी, तिकडं बाई. हातभर. सगुणा परसात असली की बाई चार पावलं मागं सरकून बोलायच्या, म्हणजे आवाज लांबून येतो. पुन्हा घरात आली की पुन्हा हातभर.

आश्रुबा : हातभर. मी एकदा आलतो केंद्रावर. तिची शेवटची यष्टी हुकंल म्हणून न्यायला आलतो. आठ-नऊ साल झाले. ती जाड काच हाय बघा, तिच्या अलीकडं मला उभं केलं. आतलं दिसतंय, ऐकू काई येत न्हाई. आत तुमी होते. तुमी तिच्या हाताला रुमाल बांधायले होते. आन् ती हसायली होती. घरी कधी तसं तोंड भरून हसली न्हाई.

रोहिणी : मामा, हे कधी बोलले न्हाईत तुमी.

आश्रुबा : काय बोलू? मी तसाच खाली आलो. गाडीपाशी उभा ऱ्हायलो. ती आली, हाताला रुमाल न्हवता. म्हणली, चला.

बन्सीधर : रुमाल मी बांधायचो. खरं आहे. दर सोमवारी, दोन्ही हातांना.

आश्रुबा : कामून?

बन्सीधर : बांगड्या वाजतात. कागद उलटायला हात हलवला की माईकमध्ये भांडी पडल्यासारखं ऐकू येतं. मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या, बांगड्या काढून ठेवा. बाई म्हणाल्या, काढायची न्हाई, माझा माणूस जिवंत हाय. मग रुमाल गुंडाळायचा ठरलं. आपल्याच हाताला आपल्याला गाठ मारता येत नाही. तिथं दुसरं कुणी नसायचं.

आश्रुबा : आन् हसणं?

बन्सीधर : हसायच्या माझ्यावर. त्या दिवशी बाईंनी एक नवा शब्द घातला, तो मला नीट म्हणता येत नव्हता. नऊ वेळा म्हणायला लावला. नवव्यांदा हसून हसून खाली बसल्या, रुमाल सुटला, तो मी पुन्हा बांधत होतो.

आश्रुबा : कोणता शब्द?

बन्सीधर : तो भाग माझ्याकडे आहे. ऐकवू? नको असेल तर राहू दे.

रोहिणी : लावा मास्तर. मामा, बसा. कुठं निघालात? गोठा कुठं पळून चाललाय?

(बन्सीधर मोबाईल बाजेवर ठेवतो. त्यातून आवाज येतात.)

धोंडिबा : सरकार.

सगुणा : ओ.

धोंडिबा : च्या झाला का?

सगुणा : च्या झाला. तुमी फवारणीचं औषध आणलं का?

धोंडिबा : हं... ऱ्हाऊ दे. उद्या काय दिवस उगवायचा न्हाई का?

सगुणा : उगवंल की. पर ती बोंडअळी तुमच्यासाठी थांबायची न्हाई. शेतीचे साहेब काय म्हणले, ऐकलं न्हाई का? वीस बोंडं फोडून बघा, दोनात अळी निघाली की फवारणी करा. तुमी एक तरी फोडलं का?

धोंडिबा : सरकार, मी बोंडं फोडू का च्या पिऊ?

सगुणा : आधी बोंडं.

रोहिणी : बंद करा मास्तर. मामा... मामा, पाणी देऊ का?

आश्रुबा : हे कोण बोलायलंय?

बन्सीधर : मी. धोंडिबा.

आश्रुबा : न्हाई. हे मी बोलायलोय. ते 'हं' माझं हाय. 'ऱ्हाऊ दे' माझं हाय. आन् 'सरकार'... ते मी फकत तिला म्हणायचो. पहाटं, सगळी झोपलेली असताना. घरात कुणाला ठाऊक न्हाई.

रोहिणी : सगळ्यांना ठाऊक हाय मामा. मी लगीन होऊन आले, तवा चुलीमागं झोपायचे. पहिल्या दिशी पहाटं तुमचं ऐकलं. मला वाटलं, सासरे रेडिओची नक्कल करतात. मी माहेरी जाऊन सांगितलं, आमचे मामा लय गमत्ये हायेत, धोंडिबासारखे बोलतात.

आश्रुबा : पारावर बी मला तसंच म्हणायचे. आश्रुबा, रेडिओवानी बोलतूस बघ. मी म्हणायचो, ह्यांना येड लागलं. मपलंच बोलणं, मलाच उष्टं करून वाढलं. आन् ते बी तिनं.

बन्सीधर : वाढलं नाही हो, माझ्या तोंडात कोंबलं. मी शाळेत शिकवलेला माणूस. कागदावर लिहिलेलं असायचं, 'असू दे, उद्या बघू.' मी तसं वाचायचो. बाई हात वर करून थांबवायच्या. काचेपलीकडं मॅडम कपाळाला हात लावायच्या. बाई म्हणायच्या, असं न्हाई मास्तर. आमचे आधी 'हं' म्हणतात. मग जरा थांबतात. मग म्हणतात, ऱ्हाऊ दे. त्या 'सरकार'लाही तसंच. मी लाडानं म्हणायचो. तर म्हणाल्या, लाडानं न्हाई, आमचे भ्याल्यावानी म्हणतात.

रोहिणी : बरोबर हाय ते.

आश्रुबा : भ्याल्यावानी?

बन्सीधर : नवव्यांदाही जमलं नाही, तेव्हा हसल्या. तेच तुम्ही काचेतून बघितलं.

आश्रुबा : मला इचारायचं तरी. घरातली वस्तू बाहेर द्यायची तर माणूस इचारतो.

बन्सीधर : तुम्हाला राग येतो, आश्रुबाभाऊ, मला कळतं. आता माझं ऐका. सतरा वर्षं मी तिथं उभा राहिलो. लोक म्हणतात, धोंडिबा आणि सगुणा काय जोडी होती. पण बाईंनी मला एकदाही माझ्यासारखं बोलू दिलं नाही. एक वाक्य नाही. माझ्या तोंडाकडं बघत त्या तुमच्याशीच बोलायच्या. तुम्ही काचेबाहेर उभे राहिलात, तुम्हाला वाटलं आत मी आहे. मी आत नव्हतोच.

आश्रुबा : तुमाला तसं वाटायचं?

बन्सीधर : कधी कधी फार वाटायचं. घरी जाऊन मंडळीवर चिडायचो. तिला आजवर कारण कळलेलं नाही.

रोहिणी : च्या ठेवू का? दोघांला बी.

आश्रुबा : ठेव. आन् त्या पिशवीत काय आणलंय, मास्तर? आल्यापासून मांडीवर घेऊन बसलात.

बन्सीधर : तुमचंच आहे. केंद्रावर राहिलं होतं. सूप.

आश्रुबा : हे सूप हाय व्हय. दोन वर्षं शोधलं. शेवटी बाजारातून नवं आणलं.

बन्सीधर : मालिकेत पाऊस लागला की बाई ह्यात ज्वारी घ्यायच्या आणि माईकपाशी हळूहळू तिरपं करायच्या. हुबेहूब पाऊस. तयार आवाज असतात संगणकात, पण त्यांना ते पटायचे नाहीत. म्हणायच्या, हा पाऊस कुठला हाय कुणास ठाऊक.

रोहिणी : अगबाई, चांगलं हाय की अजून. नव्या सुपात तर मामांचे हाल चाललेत. मास्तर, आत्याबाई गेल्यापासून रोज सकाळी मामा सूप घेऊन बसतात. आत्याबाई बसायच्या तिथंच. पाखडता येत न्हाई. निम्मी ज्वारी खाली. मी म्हणते, द्या इकडं. तर म्हणतात, ऱ्हाऊ दे.

आश्रुबा : सगळं सांगायलीस तू. तुला बी घ्या म्हणावं रेडिओत.

बन्सीधर : खरं सांगू का, आश्रुबाभाऊ? परवानगी मागायला आलो, ते निम्मं. निम्मं वेगळं आहे. कागदावर लिहिलंय, धोंडिबा हुंदका देतो. मी घरी आरशासमोर चार दिवस करून बघितला. मंडळी म्हणाली, हा तुमचा हुंदका झाला, धोंडिबाचा नाही. बाई असत्या तर सांगितलं असतं, आमचे कसे रडतील. आता कोण सांगणार?

आश्रुबा : मी रडलो न्हाई.

रोहिणी : खरंच न्हाई रडले, मास्तर. स्मशानात बी न्हाई.

बन्सीधर : मग तसंच ठेवू. गप्प बसलेला धोंडिबा. पण रेडिओत तेही अवघड. पाच-सात सेकंद आवाज आला नाही की लोक म्हणतात केंद्र बंद पडलं, आणि रेडिओचा कान पिळतात. काहीतरी वाजत ठेवावं लागतं.

आश्रुबा : मग ज्वारी वाजवा.

बन्सीधर : काय?

आश्रुबा : हुंदका काढून टाका. सूप घेऊन बसू द्या त्याला. रोहिणी, ज्वारी आण दोन ओंजळी. घ्या, बघू करून.

बन्सीधर : असं?

आश्रुबा : न्हाई. हा पाऊस झाला. तिच्यावानी करायलात तुमी. मी असं न्हाई पाखडत.

बन्सीधर : मग?

आश्रुबा : दोन्ही हात आखडून धरा. जरा जोरात उडवा. आता दाणे उडून भुईवर पडले ना? थांबा. मग एकेक दाणा वेचून पुन्हा सुपात टाका. टाकताना वाजतो तो. पुन्हा उडवा. पुन्हा सांडा.

बन्सीधर : असं?

आश्रुबा : अजून सांडा. मला लय वाईट येतं.

रोहिणी : आता मामा बसल्यावानीच वाजायलंय.

बन्सीधर : म्हणजे सोमवारी करू म्हणता?

आश्रुबा : करा. कुणी भाकरी घेऊन आलं तर झरीचा पत्ता द्या.

बन्सीधर : देईन. आणि एक राहिलं. शेवटी धोंडिबा हाक मारतो असं लिहिलंय. 'सरकार.' मॅडम म्हणाल्या, जुन्या भागांतून बाईंची 'ओ' काढून तिथं लावता येईल. संगणकात तुकडा वेगळा करता येतो. घरात कुणी नाही आणि लांबून 'ओ' येते. लोकांच्या काळजाला हात घालेल, म्हणाल्या.

रोहिणी : मामा, पुन्हा ऐकायला मिळंल की आत्याबाईंचं.

आश्रुबा : न्हाई. हाक बी नको आन् ओ बी नको.

बन्सीधर : पण आवाज त्यांचाच आहे, आश्रुबाभाऊ.

आश्रुबा : आवाज तिचा हाय. ओ तुमच्या हाकेला दिलेली हाय. मी आत्ताच ऐकली. मला द्यायची ती न्यारी होती.

बन्सीधर : कशी होती?

आश्रुबा : हं... ऱ्हाऊ द्या, मास्तर. च्या घ्या.