नवसाची बॅग

बॅगांच्या दुकानात माझ्या पुढे बहीणभाऊ होते. पायी तीर्थयात्रेसाठी बॅग निवडणं चाललं होतं.

"ताई, मोठीच घे."

"मी काय बिऱ्हाड हलवतेय? दोन साड्या, एक चादर. छोटी बास."

"मोठीत माझंही सामान मावेल."

"तुझं कशाला? नवस मी बोलले, चालणार मी."

"आणि बरा कोण झाला?"

"अरे, गेल्या वर्षी पाण्याचा पेला उचलवत नव्हता तुला!"

"म्हणूनच म्हणतोय. शेठ, त्या मोठ्या बॅगेत वजन भरा जरा... हं. ही बघ, घेतली पाठीवर. आता बोल."

"थांब, पट्टा पिळलाय तुझा. हलू नकोस... झालं. काढ आता. शेठ, ही मोठी परत ठेवा. छोट्याच द्या. दोन."