खुर्चीतल्या माणसाला नाही म्हणायचं नाही

(दुपारचं सलून. खुर्चीत चेहऱ्यावर गरम टॉवेल घेऊन पडलेले निवृत्त मुख्याध्यापक. मागे वस्तरा घेऊन न्हावी. वॉर्डाच्या निवडणुकीतला उमेदवार तोच. बाकावर त्याची थोरली बहीण, नर्सच्या गणवेशात.)

बहीण : आणि बेकरीवाल्याला काय कबूल केलंस?

उमेदवार : हळू बोल गं ताई, मास्तर झोपलेत. रस्त्यावर गतिरोधक टाकतो म्हणालो.

बहीण : आणि टॅक्सीवाल्याला?

उमेदवार : एकसुद्धा टाकणार नाही म्हणून. कंबर धरलीय गं त्याची. बसताना केवढा कण्हतो!

बहीण : अरे, रस्ता एकच आहे ना?

उमेदवार : रस्ता एकच आहे. पण ते वेगवेगळ्या दिवशी आले होते.

बहीण : आज संध्याकाळी एकाच हॉलमध्ये येणारेत! शेजारीशेजारी बसतील! तेव्हा काय करशील?

उमेदवार : तीच तर धास्ती आहे सकाळपासून. मला सगळी गिऱ्हाइकं एकदम बघायची सवयच नाही. मी त्यांना एकेक करून बघतो, तेही आरशात.

बहीण : अजून काय काय दिवे लावलेस ते आत्ताच सांग. तुझं भाषण मला लिहायचंय आणि ड्यूटीवर परत जायचंय.

उमेदवार : पोस्टमनला भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त.

बहीण : ठीक आहे.

उमेदवार : घड्याळवाल्याला त्याच कुत्र्यांसाठी पाण्याची कुंडी. सावलीत.

बहीण : कर्म माझं!

उमेदवार : पेटीवाल्याला गाण्याच्या क्लासला जागा. त्याच्या वरच्या मजल्यावरच्या वकिलांना गाण्याचा क्लास बंद.

बहीण : आणि आपल्या विरोधात उभा राहिलाय तो औषधवाला? तोही तुझ्याकडेच केस कापतो ना?

उमेदवार : थांब, वस्तऱ्याला धार लावतो जरा.

बहीण : बोल की.

उमेदवार : परवाच येऊन गेला. कानामागचे केस काढत होतो. मला म्हणाला, ‘मग, मत मलाच ना?’

बहीण : आणि तू?

उमेदवार : मी म्हणालो, ‘हे काय विचारणं झालं? तुम्हालाच!’

बहीण : अरे गाढवा! तू स्वतःच्या विरोधात मत देणार?

उमेदवार : वर विचारलं, ‘घरची पण?’ तर तुझंही दिलं.

बहीण : माझं मत? मी ड्यूटी सांभाळून तुझी पत्रकं वाटत फिरतेय आणि माझं मत तू त्याला देऊन मोकळा?

उमेदवार : कान होता गं हातात! अशा वेळी काय वाद घालणार? बाबांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, खुर्चीतल्या माणसाला नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं की तो मान फिरवतो, आणि मान फिरवली की कापतं. इतकी वर्षं दुकान चालवतोय, कोणाला ओरखडा नाही. ते कशामुळे?

बहीण : आणि मी काय करते दिवसभर? मीठ नाही. विडी नाही. उठायचं नाही. भेटायची वेळ संपली, थांबायचं नाही. हातात सुई असते माझ्या! तरी घरी जाताना पेढे देऊन जातात.

उमेदवार : तुझे पेशंट झोपलेले असतात.

बहीण : तुझेही झोपलेलेच आहेत. घोरत नाहीत फक्त. बरं, ते सगळं जाऊ दे. तुला स्वतःला काय करायचंय या वॉर्डात? कशासाठी उभा राहिलास?

उमेदवार : हसशील.

बहीण : मघापासून रडतेय. हसले तर बरंच आहे.

उमेदवार : तू बसलीयस ना, त्या बाकासाठी.

बहीण : याच्यासाठी? याचा एक पाय हलतो.

उमेदवार : या बाकावर रोज कोण बसतं माहितीये? पोस्टमनचे वडील. टक्कल आहे त्यांना, काचेसारखं. तरी सकाळी येतात, बसतात, ‘गर्दी आहे वाटतं’ म्हणतात आणि जेवायच्या वेळी जातात. दुकान रिकामं असलं तरी म्हणतात. टॅक्सीवाला येतो, त्याचे केस त्याची बायको कापते. मला कळतं ना, काय कापलंय ते! पण मी काही बोलत नाही. पलीकडे एवढं मोठं मैदान आहे, टाकीच्या मागे. तिथे बाक टाकायचे, दोन दिवे लावायचे, फाटक उघडं ठेवायचं दिवसभर. पोरं खेळतील, म्हातारे बसतील. नुसतं बसायला माणसाला केस वाढवून यावं लागू नये, एवढंच.

बहीण : अरे, मग हेच बोल की! मला का नाही सांगितलंस आधी? हेच भाषण. संपलं.

उमेदवार : कसं संपलं? मास्तरांना मैदानाला कुलूप लावतो म्हणून सांगून बसलोय.

बहीण : कधी?

उमेदवार : मघाशी. टॉवेल टाकायच्या आधी.

मास्तर : आणि किल्ली माझ्याकडे राहील, असंही म्हणाला होतास.

बहीण : अगं बाई! मास्तर, जागे आहात?

मास्तर : झोपलो कधी होतो? वर्गातही डोळे मिटून बसायचो. मुलं मोकळेपणानं बोलतात. हा टॉवेल काढा आधी, गार झालाय केव्हाचा.

उमेदवार : काढतो, काढतो. मास्तर, ते आपलं... घरचं बोलणं चाललं होतं.

मास्तर : ते कळलं. आता मला सरळ उत्तर दे. पोरांच्या चेंडूनं माझी काच दोनदा फुटली. दुपारी डोळा लागत नाही. कुलूप लावणार की नाही?

उमेदवार : आधी साबण लावून घेऊ का?

मास्तर : उत्तर.

बहीण : अरे, वस्तरा खाली ठेव.

उमेदवार : ताई, दाढी व्हायचीय अजून...

बहीण : खाली ठेव म्हणते ना! हां. आता बोल. नाही कापत कोणाला.

उमेदवार : मास्तर... म्हणजे बघा... तुमचं म्हणणं अगदी...

मास्तर : पाल्हाळ नको. शाळेतही असंच करायचास.

उमेदवार : नाही.

मास्तर : काय नाही?

उमेदवार : नाही लावणार कुलूप. काचेला जाळी बसवून देतो मी स्वतः. पण मैदान उघडं राहणार. रागवा, हवं तर दाढी पुढच्या गल्लीत करा. नाही म्हणजे नाही.

बहीण : बघ! धरणी दुभंगली का?

उमेदवार : मास्तरांची दाढी राहिलीय.

बहीण : राहू दे. आता तो औषधवाला. फोन लाव आणि आपली दोन्ही मतं परत माग. मग बेकरीवाला, मग टॅक्सीवाला. सभेच्या आधी सगळ्यांना सांगून टाक.

उमेदवार : सगळ्यांना? एकाच दुपारी?

मास्तर : सांग, सांग. चिडतील. चिडू देत.

उमेदवार : तुम्ही नाही चिडलात, मास्तर?

मास्तर : चिडलो तर. चांगलाच चिडलोय. माझं मत तुला मिळेलच असं समजू नकोस.

उमेदवार : मग हसताय का?

मास्तर : अरे, शाळेत सगळे हो म्हणायचे. मुलगा लांबून फोनवर हो बाबा, हो बाबा करतो आणि ठेवून देतो. ‘नाही म्हणजे नाही’ असं तोंडावर सांगणारी एकटी आमची हीच होती. ती गेल्यापासून माझ्याशी कोणी भांडलेलंच नाही रे.