आयोनाच्या रश्शाची माफी

नाही नाही, आत नको, बुटांना चिखल आहे, दारातच सांगते. आणि कॉफी तर अजिबात नको, अकरा घरं झालीत, अकरा कॉफ्या झाल्यात, चालताना पोटात डुबुक डुबुक वाजतंय! तेवढं ऐकून घ्या… मी वर्ना. हो, तीच ती, जिनं आयोनाच्या रश्शाबद्दल लिहिलं. बघा, लगेच तोंड वाकडं केलंत! अहो, मला फक्त माणसं जेवायला बोलवायची होती हो!

तुम्हाला सांगते, गावजेवण म्हणजे पूर्वी केवढं सोपं काम! गहू कापून झाला, ऑक्टोबर लागला, की मी आयोनाला फोन करायचा, आयोनानं मेबलला, मेबलनं पुढे… आणि संध्याकाळी शेवटचा फोन फिरून मलाच यायचा, "वर्ना, रविवारी हॉलमध्ये जेवण आहे बरं का!" अगं बाई, मला ठाऊक नाही होय? पण कळायचं ना, गावभर पोचलं म्हणून. बारा टर्क्या बारा घरी भाजायच्या आणि त्यांच्यावर ओतायचा रस्सा मात्र एकट्या आयोनाचा. अडतीस वर्षं! पहाटे पाचला उठून ढवळत बसायची बिचारी, एक गाठ सापडली तर शपथ.

मग फोनवर गावाचा तो गट आला, बाहेरच्या कुणीही वाचावा असा. माझ्या नातीनं, ब्रिननंच काढून दिला. पहिली दोन-तीन वर्षं काय सांगू, नुसती मजा! मेबलची लेक व्हँकुव्हरला काय जेवली ते कळायचं, कुणाची गाय व्याली ते कळायचं. आम्ही हुरळलो, फोनची साखळी दिली सोडून! आणि मग त्या मेल्याचे रंग बदलले… जेवणाचं लिहिलं की कुणाला दिसेचना! मला काय दिसायचं? गालिचे धुणाऱ्या माणसाचा व्हिडिओ! एकदा, एकदाच हो, पाहत बसले, काळाकुट्ट गालिचा पांढरा होईस्तोवर. झालं! तेव्हापासून रोज गालिचे. शेजारच्या एल्मरचा पाय मोडला, ते मला कळलं चौथ्या दिवशी, तीस गालिच्यांनंतर! गेल्या वर्षी जेवायला किती आले? सत्तावीस. टर्क्या बारा! नाताळपर्यंत टर्कीचं सूप पीत होतो आम्ही.

तर ब्रिन म्हणाली, "आजी, त्याला जेवणबिवण नको असतं गं. लोक चिडले की फोनला चिकटून राहतात, चिकटले की जाहिराती बघतात. तू काहीतरी झोंबणारं लिही, बघ कसं पसरतं." झोंबणारं! चर्चमध्ये चौतीस वर्षं पियानो वाजवणारी बाई मी, मला काय झोंबणारं सुचणार? म्हटलं, आयोना आपलीच आहे, तिला काय वाटायचंय… आणि लिहिलं, "खरं बोलू? आयोनाच्या रश्शापेक्षा पाकिटातला बरा. पटत नसेल तर रविवारी हॉलमध्ये येऊन चाखा."

अगं आई गं! तीनशे बारा जण तुटून पडले. गावाची वस्ती एकशे नव्वद! फ्लोरिडातला कुठला कोण, तो लिहितो, "या म्हातारीला गावाबाहेर काढा." दुसरा लिहितो, "रस्सा मुळात हवाच कशाला?" अरे, तुला विचारलंय कुणी? मला फक्त माणसं जेवायला बोलवायची होती हो!

आणि आयोना? शनिवारी रस्सा ढवळायचा आपला लाकडी डाव हॉलच्या पायरीवर ठेवला आणि निघून गेली.

रविवारी हॉल तुडुंब! तीन गावांतून माणसं आली, जेवायला नाही, भांडण बघायला! आणि रस्सा? पाकिटातलाच करावा लागला. मीच ढवळला. गाठीच गाठी!

घरी येऊन माफी लिहिली, रडत रडत, अगदी मनापासून. किती जणांना दिसली? दोघींना. एक ब्रिन, एक मी!

मग गेले तिच्या दारात. म्हटलं, "आयोना, चुकलं गं माझं." ती म्हणते, "मला माहितीये गं. पण काल दुकानात दोन पोरी माझ्याकडे बघून फिदीफिदी हसल्या. नाचक्की गावभर, आणि माफी मला एकटीला होय? जा, ज्यांनी वाचलं त्यांच्या कानावर घाल." आणि दार लावलं. साठ वर्षांत त्या घराचं दार माझ्या तोंडावर कधी लागलं नव्हतं हो… फार लागलं मनाला.

म्हणून फिरतेय घरोघर. तर ऐका, आयोनाच्या रश्शाला तोड नाही, मी खोटं लिहिलं, आणि मला माझी मैत्रीण परत हवीय. संपलं. येते मी, अजून साठ घरं… अहो, तो फोन असा का धरलाय? माझ्याकडे? शूटिंग करताय की काय?! … बरं, टाका. टाकाच! पाय तरी वाचतील माझे. फक्त माफी म्हणून टाकू नका हो, कुणाला दिसायची नाही. लिहा, वर्ना दारात येऊन शिव्या देऊन गेली.