बोटीवरचे चार

मी चोरून ऐकत नाही. पण धक्क्यासमोरच्या बेकरीत सोआझिग बोलली की सगळी रांग ऐकते. सोबत तिची लिऑनहून आलेली नवी सून.

"आई, गोल्वेन चारला पोचतो म्हणाला होता. सहा वाजले. बचाववाल्यांना कळवू?"

"म्हणाला कुठून?"

"बोटीवरून, सकाळी."

"मग ते बोटीचे चार. तिथलं घड्याळ बारा महिने ग्रिनिचवर. उन्हाळ्यात आपण दोन तास पुढे."

"म्हणजे तिथे आत्ता चार?"

"आत्ताच. सांगितलं नाही ना? बापावर गेलाय. पहिल्या वर्षी मी देवळात मेणबत्ती लावून आले होते."

"आई, ती बघा! आपलीच लाल शिडं!"

"बघितली. रड खुशाल, पण रांग सोडू नकोस. भुकेला असेल."