मांगुरांना कणकेचे गोळे

आमच्या वणीच्या तळ्यातल्या मांगूर माशांचं तुम्हाला सांगितलं नाही वाटतं. ते इतके माजले, की रोहूची पिल्लं सोडली आणि त्यांनी सगळी फस्त केली. पिल्लांची दुसरी खेप उद्यावर आलेली, म्हणून मांगूर काढायला मी जाळंवाल्या सलीमभाईंना बोलावलं. सकाळपासून जाळं टाकून ते दमले. मांगूर गाळातून हलेनात.

"साहेब, हे वर येतात तरी कधी?"

मी घराकडे नजर टाकली. माझी आई पुण्य म्हणून रोज दुपारी त्यांना कणकेचे गोळे घालायची. तिच्या एका हाकेला सगळे काठाशी यायचे. जाळ्याचं मी तिच्यापाशी बोललोच नव्हतो.

तेवढ्यात ती परात घेऊन आलीच.

"आई, आज राहू दे ना."

"का? त्यांचा उपास हाय का?"

तिने हाक मारली. काठाचं पाणी मांगुरांनी काळं झालं. सलीमभाई जाळं धरून माझ्याकडे बघत राहिले. 

आईने जाळं पाहिलं, मग मला. अर्धे गोळे टाकून परात सलीमभाईंच्या हातात दिली.

"उरलेले तू टाक, बाबा. पोटभर खाऊ दे. मी घरात गेल्यावर मग काय ते कर."