तिकडची थंडी

आपिया या उष्ण बेटावरच्या शहरात, मोबाइलच्या दुकानात लोसा रांगेत कधीची ताटकळत उभी होती. पुढची म्हातारी आपला फोन पुढ्यात ठेवून काउंटरवरच्या मुलीला काही सोडत नव्हती.

“आजी, फोन भरलाय म्हणून अडकतोय. हे गेम काढू?”

“काढ. नातवंडांचे उद्योग आहेत सगळे.”

“बायबलचं ॲप?”

“ते काढलंस तर पाद्रीबाबा मला चर्चमधून काढतील.”

“आणि हे हवामानाचं? हे तर चुकीचंच दाखवतंय. बाहेर घामाच्या धारा लागल्यात आणि हे म्हणतंय, दोन डिग्री! कुणीतरी हेस्टिंग्ज गाव घालून ठेवलंय. आपिया करून देते.”

“हात लावू नकोस त्याला!”

“अहो, पण ते न्यूझीलंडमध्ये आहे.”

“ठाऊक आहे गं. मीच माझ्या लेकीकडून घालून घेतलंय. माझा मुलगा सेमू तिथे सफरचंदं तोडायला गेला होता.”

“मग तो परत आला की बदलू या.”

“कुठला येतोय? तिथेच गेला तो. महामारीत विमानं बंद होती, तिथेच पुरलं त्याला. त्याच्या बापाची कबर माझ्या दारात आहे, सासूची आहे. रोज झाडते मी. त्याचीच तेवढी परमुलखात.”

मुलीने ते ॲप तसंच राहू दिलं.

“किती म्हणालीस? दोन?”

“हो, आजी.”

“काल पाच होते. झोपेत पांघरूण लाथाडायची खोड होती गं त्याला.”